जळलेल्या घराला मदत करताना

(ग्रामसंघाच्या मार्च २०२५ च्या मासिक सभेत केलेलं बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी इथे छापत आहोत.)

मागं बसलेल्यांनी जरा पुढं सरका, माझा आवाज आज बसलाय. परवा रात्री डोंगर पेटला तेव्हा तुमच्यासारखीच मीपण माळावर उभी राहून ओरडत होते, त्याचा हा परिणाम.

बचत आणि वसुलीचा विषय आपण नंतर घेऊ. आधी मोबाईल बाहेर काढा. काल दुपारपासून आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पलीकडच्या वाडीत वणव्यानं दोन घरं आणि एक गोठा जळाला, त्याचा फोटो आहे. खाली लिहिलंय, फूल ना फुलाची पाकळी द्या. आणि त्याच्याखाली पैसे पाठवायचा तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड. किती जणींना आलाय? बघा, जवळजवळ सगळ्याच हात वर. आता किती जणींनी पैसे पाठवले ते सांगा. लाजू नका. पाच जणी. बरं.

आग खरी आहे. मी काल स्वतः जाऊन आले. घरं जळालीत, गंजी जळाल्यात, एक रेडकू गेलं. पण त्या दोन्ही घरांतल्या बायांना मी तो चौकोन दाखवला आणि विचारलं, हा कुणाचा? त्यांना माहीत नाही. त्यांच्या पोरांना माहीत नाही. सरपंचांना नाही, पोलीस पाटलांना नाही. म्हणजे आग खरी, माणसं खरी, फोटोपण खरा. फक्त पैसे जिथं जाऊन पडतात ती जागा तेवढी कुणाच्या ओळखीची नाही.

हे विचारायचं मला सुचलं, ते मी फार हुशार आहे म्हणून नाही. मला ठेच लागलीय म्हणून.

आपल्या हिशेबाच्या वहीत गेल्या वर्षीच्या मार्चचं पान काढा. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलंय, आगग्रस्तांना मदत, १६ सदस्य, प्रत्येकी २०० रुपये, एकूण ३,२००. तेव्हासुद्धा असाच मेसेज आला होता. मी तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला. वर 'आपल्याच भगिनी आहेत' असं माझ्या मनानं लिहिलंपण. सोळा जणींनी माझ्याकडं रोख पैसे दिले आणि मी एकदम ते पाठवले. पाठवताना मोबाईलवर नाव आलं, ते आपल्याकडचं वाटेना. कुठल्या तरी एंटरप्राइजेसचं होतं. मला ते दिसलं, मी वाचलं, आणि तरी पिन टाकला. मनात म्हटलं, असेल कुणा संस्थेचं.

महिन्याभरानं आठवडी बाजारात ती घर जळलेली बाई भेटली. मिरच्या घेत होती. मी आपली कौतुकानं विचारलं, "पैसे मिळाले का गं?" ती म्हणाली, "कुठलं पैसं? आमच्यापतूर काय बी आलं न्हाई." मला तिथं उभं राहवेना. बरं, नुसते पैसे गेले असते तर एक वेळ मी माझे घातले असते. घातलेपण, चार हप्त्यांत. पण तिला वाटत राहिलं की गावोगावच्या बायांनी आपल्यासाठी पैसे काढले आणि मधल्या कुणी तरी खाल्ले. आणि मधली तर मीच होते.

म्हणून आज त्या पाच जणींना आधी सांगते. सभा चालू असू दे, तुम्ही उठा आणि ओसरीत जाऊन १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे. किती वाजता, किती रुपये, कुठल्या खात्यातून गेले आणि तो व्यवहाराचा लांबलचक क्रमांक सांगा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळलं तर बँक ते गोठवू शकते. मी गेल्या वर्षी महिन्यानं फोन केला, तोवर काय राहणार? आणि तो मेसेज पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा, तोच पुरावा. शंभर रुपयांसाठी काय तक्रार करायची, असं म्हणू नका. तुमचे शंभर आणि अशाच हजार जणींचे शंभर, असाच त्यांचा धंदा चालतो.

यात फसणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पंतप्रधानांच्या नावानं पीएम केअर्स निधी सुरू झाला, तेव्हा काही दिवसांतच त्याच्यासारखा दिसणारा खोटा यूपीआय पत्ता निघाला. खऱ्या पत्त्यात 'केअर्स' होतं, खोट्यात नुसतं 'केअर'. एका अक्षराचा फरक. दिल्ली पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. यंदाच्या जानेवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ वणवे लागले. सोळा हजारांवर घरं-इमारती जळाल्या. केवढा श्रीमंत मुलुख! तिथंसुद्धा डोंगरावरची ती प्रसिद्ध हॉलिवूडची पाटी जळतेय असे फोटो जगभर फिरले, आणि पाटी मात्र जागेवर धड. फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले. आपला कालचा फोटो तर खराच होता, मग आपण फसलो त्यात नवल काय.

आता काय बघायचं ते सांगते. चौकोन स्कॅन केल्यावर रक्कम टाकायच्या आधी नाव येतं. ते नाव मोठ्यानं वाचा. ज्याला द्यायचेत त्याचं नाव नसेल तर थांबा. पिन फक्त पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. हे दुसऱ्या बाजूलापण लागू आहे. घर जळलेल्या बाईलासुद्धा फोन येतात, "तुम्हाला मदत मंजूर झालीय, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, ओटीपी सांगा." आधीच राख झालेल्या घराच्या पासबुकातले पैसे असे काढून नेतात. म्हणून वाडीत गेलात की हे तिला पहिल्यांदा सांगा, चहाच्या आधी.

संस्थेला द्यायचे असतील तर जरूर द्या, चांगल्या संस्था आहेत. पण पावती मागा. पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळालासुद्धा वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे आपल्या पोरांना ठाऊक आहे. मग अनोळखी माणसाला विचारायला आपण का संकोचतो? मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायचे तर सरकारी संकेतस्थळावरूनच, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं तिथूनच. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून नको. आणि घर आपल्या हाकेच्या अंतरावर असेल तर कशाला हवा मोबाईल? चालत जा, तिच्या हातात द्या, दोघींसमोर वहीत लिहा. नाहीतर तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर टाका. दिराच्या नको, पुढाऱ्याच्या नको, तिच्या. पासबुक जळालं तरी खातं जळत नाही. बँकेत गेलं की दुसरं पासबुक मिळतं.

पैशाचं एवढं पुरे. आता वस्तूंचं बोलू, कारण तिथं कुणी फसवत नाही, तिथं आपणच आपल्याला फसवतो.

२२ जुलै २०२१ ची रात्र इथं कुणी विसरलंय का? आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. एका रात्रीत डोंगर खाली आला. तिकडं महाडच्या तळियेत त्याच दिवशी तसंच झालं. आपल्या तालुक्यात रस्ते तुटलेले, वीज नाही, फोन लागेना. कोयनेच्या बाजूची काही कुटुंबं कोयनानगरला हलवली. त्यानंतर रस्ता थोडा मोकळा झाल्यावर मदतीच्या गाड्या सुरू झाल्या. लोकांनी जीव ओतून पाठवलं, त्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण मी तेव्हा कपडे निवडायला बसले होते. एका गठ्ठ्यातून जरीचा घागरा निघाला. एकातून एकाच पायाच्या चपला. लहान मुलांचे फाटके स्वेटर, चेन तुटलेल्या पँटी, डाग पडलेली झंपरं. आम्ही चौघी दोन दिवस नुसतं निवडत होतो आणि शेवटी निम्म्याहून जास्त बाजूला टाकलं. आणि ज्या बाईला मी विचारलं, तिला काय पाहिजे होतं माहीत आहे? आतले कपडे आणि पॅड. ते कुणीच पाठवलं नव्हतं. तिनं ते पण तिसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या कानात.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडले होते. सगळं गेलं तरी माणसाची लाज जात नाही. आपण नेसणार नाही ते दुसरीला देऊ नये, आणि देण्याआधी विचारावं. विचारायला एक फोन लागतो.

वणव्याचं आणि पुराचं गणित मात्र वेगळं आहे. पुरात घर चिखलानं भरतं, भांडी धुऊन वापरता येतात. आगीत काहीच उरत नाही. आणि वणवा येतो कधी? फाल्गुन-चैत्रात. भात निघालेलं असतं, तांदूळ कणगीत असतो, बियाणं मडक्यात बांधून ठेवलेलं असतं, पिंजराच्या गंजी रचलेल्या असतात, शेणी थापून हुडवा लावून ठेवलेला असतो. वर्षाचं सगळं घरात आलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते जातं. हिरवं गवत म्हणाल तर ते जूनचा पाऊस पडून पंधरा दिवस झाल्याशिवाय दिसत नाही.

काल मी गेले तेव्हा सरपंचांनी तांदळाचा कट्टा पाठवला होता, कुणी तेल, कुणी साखर, कुणी चादरी. स्वयंपाकाची भांडीपण आली. दोन्ही घरांत मिळून दोन म्हशी वाचल्यात. ती मोठी जाऊ मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माणसाचं कोण बी बघतंय. म्हशीला उद्या काय घालू?" दारात एक व्यापारी येऊनपण गेलेला. गाभण म्हशीला त्यानं निम्मा भाव सांगितला. वैरण नाही हे त्याला दिसतच होतं, त्याला कशाला कोण सांगायला पाहिजे!

म्हैस विकली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दुधाचे दहा दिवसाचे पैसे बंद, बचत बंद, गटाचा हप्ता बंद. घर एक वेळ पत्र्याचं उभं राहतं. गेलेली म्हैस परत दावणीला यायला तीन-चार वर्षं लागतात आणि परत कर्ज लागतं.

म्हणून माझा हिशेब ऐका. एका म्हशीला दिवसाला सात-आठ किलो कोरडी वैरण धरा. आजपासून पावसाळी गवत येईपर्यंत शंभर दिवस. म्हणजे एका म्हशीला साडेसातशे किलो, दोघींना पंधराशे. आपली पेंढी साधारण किलोभराची असते. आपण ग्रामसंघात दीडशे बाया आहोत. एकीनं दहा पेंढ्या दिल्या तर झालं. दहा पेंढ्यांनी तुमची गंज किती खचते? कुणाला कळणारपण नाही. आणि हे कुठल्याही क्यूआर कोडवरून जाऊ शकत नाही, म्हणून यात चोरीपण नाही.

सगळं एका दिवशी नेऊन टाकू नका. जळलेल्या घराजवळ पंधराशे पेंढ्या ठेवायच्या कुठं? परत एक ठिणगी पडली म्हणजे? निम्म्या या रविवारी, निम्म्या एप्रिलअखेर. तोवर आपल्याच गंजीत राहू द्या, नावानिशी.

उशिराच्या मदतीचं आणखी एक. आता सगळे धावतायत. मेच्या शेवटी, रोहिणी निघाली की पेरायला बी लागेल, तेव्हा तिच्याकडं कोण जाणार? तिचं घरचं बियाणं जळालंय. इंद्रायणी असो नाहीतर आपलं जुनं घरचं, जे तिच्या वावरात येतं ते विचारून घ्या आणि चार-पाच जणींनी आत्ताच बाजूला काढून ठेवा. जूनमध्ये पोरांचे गणवेश आणि वह्या. तिची थोरली दहावीला जाणार आहे. हे मी वहीत तारखेसह लिहिलंय. मी विसरले तर मला बोला.

आता सरकारी बाजू, थोडक्यात. बऱ्याच जणींना वाटतं की पूर आणि भूकंपालाच मदत मिळते. तसं नाही. आपत्ती निधीच्या निकषांत आगपण आहे. २०२२ ते २०२६ साठी केंद्रानं जे दर ठरवलेत त्यात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३ हजार, दुभत्या म्हशीला किंवा गायीला ३७,५०० रुपये, तेही कुटुंबामागे जास्तीत जास्त तीन जनावरांपर्यंत, वासरा-रेडकाला २० हजार, शेळीला ४ हजार. कपड्यांना कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांना २,५००. जळालेल्या गंजीला त्या यादीत वेगळा दर नाही. म्हणून तर मी पेंढ्यांच्या मागे लागलेय.

पण हे सगळं पंचनाम्यावर आहे. तलाठी येऊन पंचनामा होईपर्यंत राख उचलू नका. उचलावीच लागली तर चारी बाजूंनी फोटो काढा, माणूस शेजारी उभा करून. मेलेलं जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर बोलवा, त्यांचा कागद लागतो. काल त्या घरी रेडकू पुरायला खड्डा काढून तयार होता, घरच्यांना वाटलं वास सुटेल. मी थांबवलं. भाजलेल्या जनावरासाठी १९६२ ला फोन करता येतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्या, किंवा आपल्यातल्या वाचणारीला बोलवा. 'अंशतः' लिहिलंय की 'पूर्णतः', एवढ्या एका शब्दावर किती फरक पडतो बघा.

ती आपल्या गटाची सदस्य असेल तर तिच्या हप्त्याचं काय? आपल्याकडं जोखीम प्रवणता निधी आहे, तो अशाच प्रसंगासाठी ग्रामसंघाला मिळालेला असतो. त्यातून काय द्यायचं, परत कधी घ्यायचं, हा ठराव आज इथंच लिहू. तिचे हप्ते चार महिने पुढं ढकलायचे असतील तर तेही ठरावात लिहू. तोंडी नको. तोंडी सवलत दिली की सहा महिन्यांनी कुणी तरी म्हणतं, तिला एक न्याय आणि आम्हाला दुसरा.

आता एक अवघड विषय. तुम्ही तिच्या घरी जाल तेव्हा बोलाल काय?

माझ्या सासूबाई १९६७ च्या भूकंपात होत्या. ११ डिसेंबरची पहाट. आपल्या भागात कुठलीही म्हातारी ती थंडी सांगते. त्या सांगायच्या की पुढं कित्येक महिने त्या घरात झोपल्या नाहीत, अंगणात पिंजरावर झोपायच्या. भांडं पडलं तरी दचकायच्या. आणि त्यांना सगळ्यात राग कशाचा यायचा? येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "जीव वाचला हे काय कमी आहे." त्या म्हणायच्या, "व्हय, वाचला जीव. पण माझं जातं गेलं, माझ्या आईनं दिल्यालं, त्याचं रडू का नको?"

तेव्हा तिथं जाऊन उपदेश करू नका. 'नशीब', 'देवाची इच्छा' हे तिनं म्हणू दे, आपण नको. ती सारखं तेच तेच सांगेल, म्हैस कशी सोडली, दावं कसं सुटेना, विळा कुठं होता. सांगू दे. दहाव्यांदा सांगितलं तरी ऐका. तिच्या पोरांना धुराचा वास आला की रडू फुटेल, चुलीजवळ जाणार नाहीत, रात्री अंथरूण ओलं करतील. त्यांना मारू नका म्हणून सांगा. बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत उतरतं. पण ती जेवत नसेल, झोपत नसेल, 'मी कशाला मागं राहिले' असं बोलू लागली, तर आशाताईला घेऊन जा, किंवा १४४१६ वर फोन लावून द्या. टेलिमानस म्हणतात त्याला, मनाच्या दुखण्यासाठी सरकारनंच ठेवलेला नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि घरचा कर्ता पुरुष गप्प बसलाय म्हणजे त्याला काही झालं नाही असं समजू नका. त्याच्यावर लक्ष ठेवा. शेतकऱ्याचं घर आहे, जास्त बोलायला लावू नका मला.

फोटोचं सांगायचं राहिलं. मदत देताना फोटो काढायचा नाही. हिशेबासाठी वही आहे, दोघींच्या सह्या आहेत. जळालेल्या अंगणात हात पसरून उभी असलेली बाई आपल्या पत्रिकेत छापायची नाही असं मी संपादक ताईंना सांगितलंय आणि त्यांनी मानलंय. ती उद्या आपल्याच सभेत येऊन बसणार आहे.

शेवटचं, आणि हे बोलताना मला भीती वाटते कारण इथं सगळ्या ओळखीच्या आहेत. डोंगर आपोआप पेटत नाही. कुणी बिडी टाकतं, कुणी मध काढायला धूर करतं, आणि कुणी मुद्दाम पेटवतं, की जळलेल्या जागी पावसात गवत जोमानं येतं. दोन बोटं हिरवं दिसतं खरं, पण पहिल्या मोठ्या पावसात उघड्या उतारावरची माती ओढ्यात जाते. २०२१ बघितलेल्या माणसांनी आपल्या हातानं उतार उघडा करावा, हे मला कळत नाही. वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, वगैरे मी सांगू शकते. पण तुमच्या घरातला कोण माळावर काडी घेऊन जातो ते तुम्हाला माहीत आहे. मला नाव नको. त्याला उद्या त्या वाडीत घेऊन जा आणि गोठ्याची जागा दाखवा.

धूर दिसला की वनखात्याचा नंबर १९२६, घराच्या जवळ आला तर ११२. गोठ्यात एक धारेचा विळा दारालाच अडकवून ठेवा, दावं सोडायचं नाही, कापायचं. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहायचं, हळद-पेस्ट-शाई काही लावायचं नाही, आणि १०८ ला फोन. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले यांचे फोटो बाहेरगावी असलेल्या लेकीच्या किंवा भावाच्या मोबाईलवर आज रात्रीच पाठवून ठेवा. काल त्या घरचं रेशनकार्ड त्यांच्या मुंबईच्या भाच्याच्या मोबाईलमध्ये सापडलं, म्हणून संध्याकाळीच अर्ज लिहिता आला.

तर ठरलेलं असं. त्या चौकोनावर आता कुणी पैसे पाठवणार नाही. ज्यांनी मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी त्याच त्याच ग्रुपवर लिहायचं, की हा कोड त्या कुटुंबाचा नाही. मीपण गेल्या वर्षी लिहायला पाहिजे होतं, लाजेनं लिहिलं नाही. रोख मदत द्यायची असेल त्यांनी गटाच्या सचिवाकडं द्या, पावती घ्या. शुक्रवारी आम्ही तिघी जाऊन दोन्ही बायांच्या खात्यावर स्वतः भरणार आणि भरलेली स्लिप पुढच्या सभेत सगळ्यांना दाखवणार.

रविवारी सकाळी आठ वाजता टेम्पो मारुतीच्या देवळापाशी उभा राहील, डिझेलचे पैसे ग्रामसंघातून. पेंढ्या आदल्या रात्री बांधून ठेवा, भिजलेल्या किंवा बुरशी आलेल्या नकोत, गाभण म्हैस आहे. ज्यांच्याकडं वैरण नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, अंगमेहनतीला या. आणि येताना सगळ्यांनीच विळा आणा. त्या वाडीच्या वरच्या अंगाला वाळलेलं गवत अजून कमरेएवढं उभं आहे. आग तिथपर्यंत गेली नव्हती. ते कापून घरांच्या मागं दहा-बारा हाताचा पट्टा मोकळा करायचा आहे, आणि कापलेलं चांगलं असेल ते म्हशींना होईल.

आता वसुलीची वही आणा.